लो-व्होल्टेज डीसी स्विचमध्ये आर्क विझल्यावर रोधनक्षमता कशी परत येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छतावरचे सौर संच, बॅटरीचे साठे आणि विजेवर चालणारी वाहने यांमुळे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) स्विच आता सामान्य इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली आला आहे. त्याच्याविषयी वारंवार येणाऱ्या शंकांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच गोष्टीत असते: आर्क विझला म्हणजे काम संपले, असे गृहीत धरले जाते. पुढील उत्तरे इलेक्ट्रिशियन, देखभाल करणारे अभियंते आणि विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांना समोर ठेवून लिहिली आहेत.

रोधनक्षमता परत येणे म्हणजे नेमके काय?

चालू प्रवाहावर स्विच ऑफ केला की कॉन्टॅक्ट एकमेकांपासून सुटतात, पण प्रवाह लगेच थांबत नाही. तो मधल्या हवेला तापवून तिच्यातूनच वाहू लागतो. हाच आर्क. त्याच्या गाभ्याचे तापमान साधारण ६००० ते २०,००० केल्विन असते आणि एवढ्या उष्णतेत अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होऊन वायू वीजवाहक बनतो. आर्क विझला याचा अर्थ प्रवाह शून्यावर आला, एवढाच. कॉन्टॅक्टमधली जागा त्या क्षणी तापलेली आणि धातूच्या वाफेने भरलेली असते. वायू निवत जातो, आयन आणि इलेक्ट्रॉन पुन्हा एकत्र येतात आणि ती जागा पूर्ण व्होल्टेज पेलण्याइतकी रोधक होते; या क्रियेला येथे ‘रोधनक्षमता परत येणे’ म्हटले आहे. त्याआधीच व्होल्टेज वरचढ ठरले तर आर्क पुन्हा पेटतो आणि दांडी ऑफवर असूनही प्रवाह वाहत राहतो.

येथे लो-व्होल्टेज म्हणजे किती?

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या वर्गीकरणात एसीसाठी (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहासाठी) १००० व्होल्टपर्यंत आणि डीसीसाठी १५०० व्होल्टपर्यंतची यंत्रणा लो-व्होल्टेज धरली जाते. मुंबईची उपनगरी रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर विजेवर धावू लागली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ किलोव्होल्ट एसीवर आली. म्हणजे घरगुती एमसीबीपासून (छोट्या स्वयंचलित ब्रेकरपासून) लोकलच्या तेव्हाच्या डीसी सबस्टेशनमधल्या ब्रेकरपर्यंत सर्व एकाच वर्गात बसतात. कोलकाता आणि बेंगळुरूची मेट्रो आजही ७५० व्होल्ट डीसीवर चालते. मोठ्या सौर प्रकल्पांतील स्ट्रिंग (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळा) १५०० व्होल्टपर्यंत जातात.

एसी स्विचच्या तुलनेत डीसी स्विचचे काम वेगळे का आहे?

५० हर्ट्झच्या एसीमध्ये प्रवाह दर १० मिलिसेकंदांनी आपोआप शून्यावर येतो. स्विचला प्रवाह शून्यावर आणावा लागत नाही. शून्य आल्यावर तो पुन्हा सुरू होऊ द्यायचा नाही, एवढेच त्याच्याकडे असते. शिवाय शून्यानंतर ध्रुव उलटतात, आधीचा ॲनोड (धन टोक) कॅथोड (ऋण टोक) होतो, आणि या नव्या कॅथोडपाशी इलेक्ट्रॉनरहित असा पातळ थर काही मायक्रोसेकंदांत तयार होऊन प्रत्येक फटीला सुमारे १५० ते २५० व्होल्टची क्षमता जवळजवळ तत्काळ मिळते. वेस्टिंगहाउसमधील संशोधक जोसेफ स्लेपियन यांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्कचे अनेक तुकडे करणाऱ्या पट्ट्यांचा ब्रेकर विकसित केला, तेव्हा त्यांनी याच गुणाचा आधार घेतला होता.

डीसीमध्ये यातले काहीच आयते मिळत नाही. शून्य स्वतः निर्माण करावे लागते, आणि ते झाल्यावरही ध्रुव तेच राहतात: ज्या पृष्ठभागावर आत्तापर्यंत कॅथोडचे तापलेले ठिपके होते, तोच पृष्ठभाग पुन्हा कॅथोड म्हणून व्होल्टेजला सामोरा जातो.

मग डीसीमध्ये रोधनक्षमता परत येण्याची क्रिया केव्हा सुरू व्हायला हवी?

प्रवाह शून्यावर येण्याच्या आधीच. आमच्या मते हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित उत्तर आहे, म्हणून ते सविस्तर देत आहोत.

डीसी प्रवाह कमी करण्याचा हवेतल्या स्विचकडे एकच मार्ग असतो: आर्कवरचे व्होल्टेज स्रोताच्या व्होल्टेजपेक्षा जास्त करणे. त्यासाठी कॉन्टॅक्टमध्ये पेटलेला आर्क चुंबकीय बलाने रनरवरून (आर्क सरकण्याच्या धातूच्या पट्टीवरून) पुढे ढकलला जातो आणि आर्क चूटमधल्या (आर्क विझवण्याच्या कप्प्यातल्या) पोलादी पट्ट्यांत शिरून त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ॲनोड आणि कॅथोड लागतो आणि त्यापोटी साधारण २० ते ३० व्होल्ट खर्ची पडतात. ६०० व्होल्टच्या मंडलात आर्कचे व्होल्टेज ८०० व्होल्टपर्यंत न्यायचे तर असे तीसेक तुकडे लागतात.

आता या क्षणी कॉन्टॅक्टमध्ये काय चालले आहे ते पाहावे. आर्क पुढे चूटमध्ये गेला आहे, पण ज्या फटीतून तो निघाला ती फट अजून गरम आहे, आणि चूटमधल्या आर्कचे सगळे ८०० व्होल्ट तिच्यावरही पडत आहेत, कारण विजेच्या दृष्टीने ती चूटला समांतर आहे. म्हणजे फटीवरचा कमाल ताण प्रवाह शून्यावर येण्याच्या आधीच येतो. फट तो पेलू शकली नाही, तर आर्क चूट सोडून पुन्हा कॉन्टॅक्टमध्ये उडी मारतो, व्होल्टेज काही दशक व्होल्टवर कोसळते आणि उतरू लागलेला प्रवाह पुन्हा चढतो.

ऑसिलोस्कोपवर हे स्पष्ट दिसते. कॉन्टॅक्ट सुटताच व्होल्टेज १२ ते १५ व्होल्टची पायरी चढते, आर्क लांबतो तसे हळूहळू वाढते, चूटमध्ये शिरताना एकदम उसळते, आणि मग काही वेळा सुळकन खाली येऊन पुन्हा वर जाते. करवतीच्या दात्यांसारखी ही रेघ म्हणजे फटीची क्षमता अपुरी पडल्याची नोंद असते. असे दोन-तीन दाते असूनही स्विच शेवटी प्रवाह तोडू शकतो. मात्र प्रत्येक दात्याबरोबर कॉन्टॅक्टची झीज आणि आतली उष्णता वाढते.

प्रवाह संपल्यानंतर फटीवर स्रोताचे व्होल्टेज त्याच दिशेने कायम उभे राहते. एसीसारखे ते दर अर्ध्या आवर्तनाला उतरत नाही, त्यामुळे तापलेल्या फटीला उसंत मिळत नाही.

तापलेल्या वायूची क्षमता किती कमी असते?

साधारण तापमानाची हवा एका मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्ट पेलते. ही क्षमता मुख्यतः वायूच्या घनतेवर अवलंबून असते, आणि दाब तोच असेल तर घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ३०० केल्विनऐवजी वायू ३००० केल्विनला असेल तर घनता दहावा हिस्सा उरते आणि क्षमताही ढोबळमानाने मिलिमीटरला ०.३ किलोव्होल्टवर येते. ४ मिलिमीटरच्या फटीसाठी हा आकडा सुमारे १२०० व्होल्ट होतो. कागदावर तो ८०० व्होल्टला पुरेसा वाटतो, पण हा हिशोब सपाट इलेक्ट्रोड आणि स्वच्छ हवेचा आहे. प्रत्यक्षात कॉन्टॅक्टवर वितळलेल्या धातूची टोके उभी राहिलेली असतात, वायूत तांब्याची किंवा चांदीची वाफ असते आणि तापमानही सर्वत्र सारखे नसते. सर्वांत गरम वाट कमकुवत ठरते आणि आर्क तीच शोधतो.

धातूच्या वाफेने एवढा फरक का पडतो?

नायट्रोजनच्या रेणूपासून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तांब्याच्या अणूसाठी ७.७ आणि चांदीच्या अणूसाठी ७.६ पुरतात. शुद्ध हवा ३००० ते ४००० केल्विनच्या खाली आली की जवळजवळ वाहक राहत नाही, पण थोडी धातूची वाफ मिसळलेली असेल तर तोच वायू आणखी निवेपर्यंत वाहक राहतो. म्हणूनच कॉन्टॅक्टपाशी आर्क रेंगाळू न देणे ही चांगल्या रचनेची पहिली खूण मानावी: तो जितका लवकर रनरवर जाईल तितकी वाफ कमी आणि फट तितकी लवकर सावरते.

एकूण किती वेळ लागतो?

एकच आकडा देणे दिशाभूल करणारे ठरेल, कारण यात वेगवेगळ्या वेगाच्या क्रिया एकावर एक चाललेल्या असतात. इलेक्ट्रोडलगतचा थर मायक्रोसेकंदांत तयार होतो. आयन आणि इलेक्ट्रॉन यांचे पुनर्मीलन दहा ते काही शे मायक्रोसेकंदांच्या पट्ट्यात बरेचसे उरकते. मात्र त्याचा वेग कणांच्या घनतेच्या वर्गावर अवलंबून असल्याने सुरुवात झपाट्याने होते आणि शेवटचा भाग रेंगाळतो. गरम वायू निवायला आणि बाहेर पडायला काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद लागतात. पट्ट्या, कॉन्टॅक्ट आणि आवरण यांत साठलेली उष्णता मिनिटांच्या हिशोबाने उतरते. आणि भिंतींवर बसलेला धातूचा व काजळीचा थर तर स्वतःहून कधीच जात नाही.

आर्कचे व्होल्टेज स्रोतापेक्षा थोडेच जास्त असले तर चालणार नाही का?

प्रवाह तुटेल, पण फार महाग पडेल. समजा बॅटरीचा बस (सामाईक वीजवाहिनी) ६०० व्होल्टचा आहे, प्रवाह २० अँपिअर आहे आणि मंडलाचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) ५ मिलिहेन्री आहे. इंडक्टन्समध्ये साठलेली ऊर्जा १ ज्यूल होते. रोध दुर्लक्षित केला आणि आर्कचे व्होल्टेज स्थिर ८०० व्होल्ट धरले, तर उरलेले २०० व्होल्ट प्रवाह खाली आणतात आणि तो अर्ध्या मिलिसेकंदात शून्य होतो. आर्कमध्ये ४ ज्यूल ऊर्जा उतरते. तेच आर्कचे व्होल्टेज ६५० व्होल्ट धरले तर वेळ २ मिलिसेकंद होते आणि ऊर्जा १३ ज्यूल. इंडक्टन्समध्ये साठलेली ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच आहे. वाढलेली सगळी ऊर्जा स्रोताने त्या जादा वेळात ओतलेली आहे. हीच ऊर्जा वायू तापवते, धातू उडवते आणि फटीची क्षमता परत येणे लांबवते.

उलट टोकही बरे नाही. आर्कचे व्होल्टेज फारच चढले तर तोच ताण कॉन्टॅक्टच्या फटीवर आणि मंडलातील इतर उपकरणांवर येतो. त्यामुळे रचनाकाराला दोन्हींच्या मध्ये जागा शोधावी लागते.

आवरणाचे प्लास्टिक या क्रियेत भाग घेते का?

घेते, आणि बराच मोठा. पॉलिअमाइडसारखे पदार्थ आर्कच्या उष्णतेने पृष्ठभागावरून वायू सोडतात. त्यात हायड्रोजन असतो, आणि साधारण तापमानाला त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सात पट आहे. हा वायू आर्कला निववतो, आतला दाब वाढवतो आणि गरम वायूला झडपांतून बाहेर ढकलतो. याच कारणाने अनेक विद्युत वाहनांतील सीलबंद कॉन्टॅक्टरमध्ये (विजेने चालणाऱ्या स्विचमध्ये) हायड्रोजनयुक्त वायू भरलेला असतो.

बेकेलाइटचे तसे नाही. फिनॉलिक पदार्थ उष्णतेला टिकतो, पण जळला की मागे कार्बन ठेवतो आणि पृष्ठभागावर वाहक वाट तयार होण्यास विरोध करण्याची त्याची क्षमता मुळातच कमी असते. जुन्या बेकेलाइट स्विचमध्ये फटीतली हवा पूर्ण सावरलेली असते आणि प्रवाह मात्र भिंतीवरून झिरपत असतो, हे लक्षात ठेवावे.

मोठा प्रवाह सहज तुटतो आणि छोटा प्रवाह तुटत नाही, असे का होते?

आर्कला चूटमध्ये ढकलणारे चुंबकीय बल बहुतांशी त्याच्या स्वतःच्या प्रवाहातून येते. शेकडो अँपिअरला ते भरपूर असते. काही अँपिअरला ते इतके दुबळे असते की आर्क कॉन्टॅक्टमध्येच उभा राहतो, चूटपर्यंत पोचतच नाही, आणि फटीला सावरण्याची संधी मिळत नाही. अशा पट्ट्याला क्रिटिकल करंट म्हणतात, आणि डीसी उपकरणांच्या चाचणीत तो वेगळा तपासला जातो.

सौर संचात हा प्रश्न रोजचा आहे. स्ट्रिंगचा प्रवाह दहा-पंधरा अँपिअरच्या घरात असतो, सकाळ-संध्याकाळ त्याहून बराच कमी असतो, आणि शॉर्ट सर्किटमध्येही तो फारसा वाढत नाही. त्यामुळे आर्क पेटून राहिला तरी फ्यूज उडेलच असे नाही. छोट्या प्रवाहासाठी कायमस्वरूपी चुंबक आणि स्प्रिंगने झटक्यात उघडणारी यंत्रणा लागते. दांडी हळू ओढली तर कॉन्टॅक्टही हळू सुटणारा आयसोलेटर (संच पुरवठ्यापासून वेगळा करणारा स्विच) सौर कामासाठी अजिबात घेऊ नये.

इन्व्हर्टर चालू असताना आयसोलेटर ऑफ केला तर फारशी ठिणगी दिसत नाही. म्हणजे तो चांगला आहे ना?

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. इन्व्हर्टरच्या इनपुटला कपॅसिटर असतात आणि ते काही काळ स्ट्रिंगच्या व्होल्टेजच्या जवळ भारलेले राहतात. त्यामुळे स्विच उघडताच त्याच्या दोन टोकांतील फरक लहान असतो आणि फटीला सावरायला वेळ मिळतो. इन्व्हर्टरच्या आत किंवा केबलमध्ये शॉर्ट झाला असेल तर हा आधार नाहीसा होतो आणि फटीवर स्ट्रिंगचे पूर्ण ओपन सर्किट व्होल्टेज येते. सिलिकॉन पॅनलचे हे व्होल्टेज थंडीत वाढते, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३ टक्के, म्हणून स्विचचे रेटिंग हिवाळ्यातल्या पहाटेच्या आकड्यावर ठरवावे.

एसीचा एमसीबी डीसीवर वापरला तर?

वापरू नये. २३०/४०० व्होल्ट एसीच्या साध्या एमसीबीला अनेक उत्पादक एका पोलला (कॉन्टॅक्टच्या एका स्वतंत्र जोडीला) जेमतेम ४८ ते ६० व्होल्ट डीसीचे रेटिंग देतात. त्याची चूट शून्य आयते मिळणार हे गृहीत धरून बनवलेली असते. ३०० व्होल्टच्या स्ट्रिंगवर त्यातला आर्क विझत नाही आणि आवरण पेट घेते. डीसीसाठी बनवलेल्या आयसोलेटरमध्ये अनेक पोल सिरीजमध्ये जोडलेले दिसतात, ते व्होल्टेज अनेक फटींत वाटले जावे म्हणून. जोडणीच्या आकृतीत दाखवलेला जम्पर (पोल एकमेकांना जोडणारी तार) वगळू नये.

प्लस आणि मायनस उलटे जोडले गेले तर काय होते?

कायमस्वरूपी चुंबक असलेल्या ध्रुवित एमसीबीत आर्कवरचे बल प्रवाहाच्या दिशेप्रमाणे बदलते. उलट जोडणीत ते आर्कला चूटकडे न नेता यंत्रणेच्या बाजूला ढकलते. असा एमसीबी रोज ऑन-ऑफ होतो, त्यातून प्रवाह बिनतक्रार वाहतो, आणि खरी वेळ आल्यावर तो आतून जळतो. म्हणून ही चूक तपासणीत पकडणे फार गरजेचे आहे. चार्ज आणि डिस्चार्ज असा दोन्ही दिशांनी प्रवाह वाहणाऱ्या बॅटरी संचात ध्रुवित उपकरण चालतच नाही.

दोषावर ब्रेकर ट्रिप झाला तर तो लगेच पुन्हा चढवावा का?

दोष शोधल्याशिवाय तर नाहीच, आणि शोधल्यावरही थोडे थांबून. सर्किट ब्रेकरसाठीच्या आयईसी ६०९४७-२ या मानकातील शॉर्ट सर्किट चाचणीच्या क्रमात दोन क्रियांमध्ये साधारण ३ मिनिटांचे अंतर ठेवलेले असते. तेवढ्या वेळात आतला वायू बदलतो आणि पट्ट्या बऱ्याच निवतात. गरम चूटमध्ये लगेच दुसरा आर्क आला तर फट सावरण्याचा वेग पहिल्या वेळेपेक्षा कमी असतो.

हवामानाचा परिणाम होतो का?

नागपूरच्या उन्हाळ्यात पेटीच्या आत ६५ अंश सेल्सिअस झाले तरी घनतेच्या हिशोबाने रोधनक्षमतेत दहा-बारा टक्क्यांचाच फरक पडतो. खरा त्रास कॉन्टॅक्ट आणि टर्मिनल तापण्याचा असतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी आहे, कारण काजळीवर बसलेले मीठ पावसाळी दमटपणात ओले झाले की तीच भिंत झिरपू लागते. उंचीचा परिणाम सर्वांत थेट असतो. आयईसी ६०९४७ मालिकेतील उपकरणे २००० मीटरपर्यंतच्या उंचीसाठी धरलेली असतात. सह्याद्रीतली गावे त्यात बसतात, परंतु सुमारे ३५०० मीटरवरील लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो आणि तेथे उत्पादकाने दिलेले कमी रेटिंग वापरावेच लागते.

हायब्रिड डीसी ब्रेकरमध्ये हा प्रश्न सुटतो का?

तेथे तो नेमका मोजता येण्याजोगा होतो. यांत्रिक कॉन्टॅक्ट सुटताच त्याच्यावरचे १२-१५ व्होल्ट समांतर असलेल्या आयजीबीटीकडे (अर्धवाहक स्विचकडे) प्रवाह वळवतात, त्यामुळे आर्क अगदी अल्पकाळ आणि लहान राहतो. त्यानंतर फट पुरेशी रुंद आणि रोधक होईपर्यंत आयजीबीटीला प्रवाह वाहून न्यावा लागतो आणि मगच तो बंद करता येतो. उरलेली ऊर्जा व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढले की वाहक होणारा घटक) शोषतो. हा थांबण्याचा काळ ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत प्रवाह शून्य झाल्यावर ठरावीक विलंबाने फटीला व्होल्टेजचा धक्का देतात आणि कोणत्या विलंबाला ती किती व्होल्टवर फुटते याची वक्ररेषा काढतात. विलंब कमी धरला तर फट फुटते. जास्त धरला तर तेवढा वेळ दोषाचा प्रवाह वाढत राहतो.

काम केलेल्या स्विचची रोधनक्षमता शाबूत आहे हे कसे ओळखावे?

उघडता येणारा स्विच असेल तर आधी आत पाहावे. आर्क नीट चूटमध्ये गेला असेल तर पट्ट्यांच्या कडांवर धातूचे बारीक मणी आणि रनरवर आर्क सरकल्याची सलग रेघ दिसते. मणी फक्त कॉन्टॅक्टभोवती असतील आणि चूटच्या पट्ट्या कोऱ्या असतील तर आर्क जागेवरच जळला आहे. भिंतीवर राखाडी चमकदार थर असेल तर तो धातूचा असतो.

त्यानंतर मेगर (रोधन मोजणारे उपकरण) लावावा, तो केवळ अर्थशी नव्हे तर ऑफ स्थितीत त्याच पोलच्या इनकमिंग आणि आउटगोइंग टर्मिनलमध्येही, कारण आर्कने खराब केलेली वाट तीच असते आणि तपासणीत सहसा तीच राहून जाते. आयसोलेशनसाठी योग्य ठरवलेल्या ब्रेकरला आयईसी ६०९४७-२ मध्ये कार्यव्होल्टेजच्या १.१ पटीला दर पोलमागे गळतीची मर्यादा दिलेली आहे: नव्या स्थितीत ०.५ मिलिअँपिअर, प्रवाह तोडण्याच्या चाचण्यांनंतर २ मिलिअँपिअर, आणि कोणत्याही स्थितीत न ओलांडण्याची ६ मिलिअँपिअर. छतावरच्या संचात दिवसा पॅनल नेहमी जिवंत असतात, म्हणून या चाचणीपूर्वी स्विचच्या दोन्ही बाजूंच्या केबल सोडाव्यात, सर्ज प्रोटेक्टर वेगळा करावा आणि एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या केबल जोडणारा प्लग) प्रवाह शून्य असल्याची क्लॅम्प मीटरने खात्री केल्याशिवाय ओढू नये, कारण त्या कनेक्टरमध्ये आर्क विझवणारी कोणतीच रचना नसते.